बॉयलररूमचा आहेर

९ नोव्हेंबर

पान्याला पोचवून आलो.

जहाजावर त्याच्या हातात सदा पाना असायचा, म्हणून तो पान्या. खरं नाव आज लोकांनी घेतलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, भलत्याच माणसाला निरोप द्यायला आलो की काय. बॉयलररूमच्या दुसऱ्या पाळीत आम्ही सहाजण होतो. चार गेले. पाचवा दूर मुलाकडे असतो आणि त्याला आता काही आठवत नाही. राहिलो मी.

चारही जण छातीनेच गेले. पान्याला शेवटी खुर्चीतून उठून दारापर्यंत जाववत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ॲस्बेस्टॉसची धूळ. तरुणपणी छातीत जाते, तीस-चाळीस वर्षं गप्प बसते आणि मग एके दिवशी उठते.

आमच्या माजी नौसैनिक संघटनेचा सेक्रेटरी तिथे आला होता. हा जहाजावर कारकून होता, बॉयलररूम त्याने फक्त दारातून पाहिलेली. पण माणूस कामाचा आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्हीही तपासून घ्या. आणि आजपासून लिहून ठेवा. कुठलं जहाज, कुठलं काम, धूळ कुठे कुठे लागली. तारीख घालून लिहा, फाइलला लागतं."

म्हणून ही वही. लेकीने तीन वर्षांपूर्वी वाढदिवसाला दिली होती, कोरीच होती. आमची ही म्हणाली, "तुम्ही आणि डायरी? जहाजावरून चार ओळींचं पत्र यायचं, त्यातल्या दोन हवामानाच्या."

हवामान: ढगाळ, वारा मध्यम.

१२ नोव्हेंबर

आता शिस्तीत लिहितो.

जहाजाला आम्ही 'थोरली' म्हणायचो. नऊ वर्षं तिच्यावर काढली. खाली बॉयलररूममध्ये वाफेचे पाइप, काही माझ्या मांडीएवढे जाड. त्यांना हात लागला तर कातडं सोलून निघेल, म्हणून सगळ्यांवर पांढरं जाड पांघरूण लिंपलेलं असायचं. तेच ते ॲस्बेस्टॉस. जहाज दुरुस्तीला गोदीत गेलं की आम्ही ते हातोड्याने फोडून काढायचो आणि पाइप दुरुस्त झाला की नवं लिंपायचो. आम्ही त्या धुळीला 'पीठ' म्हणायचो. दिव्याच्या उजेडात समोरचा माणूस दिसायचा नाही इतकं पीठ. केसांत, भुवयांवर, चहाच्या मगात. नवा पोरगा आला की त्याच्या डोक्यावर पाटीभर ओतायचं, म्हणजे तो आमचा झाला. दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी ओल्या पिठाचे गोळे करून एकमेकांना हाणायचो. तोंडाला फडकं कुणी बांधत नसे. एकाने बांधलं होतं, त्याला महिनाभर 'लाजरी' म्हणून हाक मारली. मास्क आले ते मी निवृत्त व्हायच्या वर्षी. वरातीमागून घोडं.

आमची आणखी एक रीत होती. कुणाचं लग्न ठरलं की बॉयलररूमतर्फे भांडी-घड्याळं द्यायची नाहीत. पाइपांना गुंडाळायचं पांढरं कापड असे, त्याचा भला मोठा रोल. त्यातून इस्त्रीच्या टेबलाच्या मापाचा तुकडा कापायचा, दुहेरी करायचा, कडा मेणाच्या दोऱ्याने शिवायच्या आणि नवरा-नवरीला द्यायचा. तापलेली इस्त्री तासभर विसरलात तरी जळणार नाही. असा आहेर राजाला मिळत नाही. आमच्या आहेराच्या कडा पान्याने शिवल्या होत्या आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने इवलासा पाना भरला होता. चव्वेचाळीस वर्षं झाली. आजही ही त्याच कापडावर माझा सदरा इस्त्री करत होती. मी म्हटलं, "पान्या गेला, पण त्याचा टाका उसवला नाही." ही इस्त्री उभी करून त्या लाल पान्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिला खोकला आला. वाफेने येतो तिला.

हे शेवटचं फाइलसाठी नाही. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

२० नोव्हेंबर

छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई आहे, 'काका' म्हणते, पण प्रश्न पोलिसासारखे विचारते. नळीत फुंकायला लावलं. मी सगळा जीव एकवटून फुंकलं. ती म्हणाली, "काका, परीक्षा नाही ही." मी म्हटलं, मला परीक्षाच वाटते आहे.

मग म्हणाली, "कामाचे कपडे घरी आणायचात का? ही धूळ कपड्यांवरून घरात येते. कपडे धुणाऱ्या बायकांना आजार झालेले आहेत." मी ठणकावून सांगितलं, "नाही डॉक्टर. आमचे ओव्हरऑल जहाजावर काढायचे आणि जहाजावरच धुवायचे. मी घरी यायचो तो पांढऱ्या शुभ्र गणवेशात." खरं तेच सांगितलं. त्या बाबतीत आमची शिस्त कडक होती.

"घरात कुणाला दम, खोकला?"

"बायको आहे, ठणठणीत."

ही बाहेर बाकावर बसली होती. तिथे म्हणे वारं लागलं, परत येईपर्यंत खोकत होती.

स्कॅन पुढच्या महिन्यात. तोवर वाट बघायची. बॉयलरचा दाब चढताना बघत बसण्याची सवय आहे मला, पण तिथे निदान समोर काटा असायचा.

२३ नोव्हेंबर

आजपासून हिला शिकवायला सुरुवात केली. मी गेल्यावर हिचं काय, हा विचार डोक्यातून जात नाही. ही घर अख्खं सांभाळते, पण फ्यूज कुठला, पाण्याचा मुख्य नळ कुठे, गॅसची जोडणी कशी तपासायची, यातलं काही हिला ठाऊक नाही. ती माझी खाती. समुद्रावर असतानाही मी पत्रातून कळवायचो, अमुक नळ डावीकडे फिरव.

तिला स्टुलावर चढवलं आणि फ्यूज काढून दाखवायला सांगितलं. दोन मिनिटांत काढला आणि बसवला. मी म्हटलं, "पुन्हा." उतरली तेव्हा धापा टाकत होती. मी म्हटलं, "अगं, एवढ्याने दमलीस? मी नसताना कसं व्हायचं?"

ती म्हणाली, "तुम्ही नक्की कधी जाणार ते सांगून ठेवा. त्या दिवशी बाजारात जायचं ठेवत नाही."

हिला कशाचं गांभीर्य नाही.

४ डिसेंबर

सेक्रेटरी फॉर्म घेऊन आला. अठरा प्रश्न. जहाजं, तारखा, कामाचं स्वरूप, साक्षीदार. साक्षीदाराच्या रकान्यात चार नावं लिहिली आणि चारही नावांपुढे 'मयत' लिहिलं. सेक्रेटरी म्हणाला, "पाचवं नाही का कुणी?" मी म्हटलं, "आहे, पण त्याला स्वतःचंही नाव सांगता येत नाही."

प्रश्न नऊ: 'घरात किंवा कुटुंबात कुणाचा या पदार्थाशी संबंध आला होता का?' मी 'नाही' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तो एक पत्रक ठेवून गेला. ॲस्बेस्टॉस कुठे कुठे असतं, चित्रांसकट. मी वाचलं नाही. नऊ वर्षं ज्याचा चहा प्यालो त्याची ओळख मला कागदावरून काय करून घ्यायची? मग तासभर चष्मा शोधत घर पालथं घातलं, तो हिच्या नाकावर. काखेत कळसा अन् गावाला वळसा. माझा चष्मा लावून ही ते पत्रक वाचत बसली होती. दोनदा वाचलं असेल. विचारलं, "काय एवढं वाचतेस?" म्हणाली, "काही नाही. चित्रं बघतेय."

५ डिसेंबर

विशेष काही नाही. थंडी फार. हिला साफसफाईची लहर आली. खिडक्या सताड उघड्या टाकून, तोंडाला ओला रुमाल बांधून, मागची खोली ओल्या फडक्याने पुसून काढत होती. मी कुडकुडत पुढच्या खोलीत. आत जायला लागलो तर दार लावून घेतलं. इस्त्रीच्या टेबलावर संध्याकाळी जुनी चादर दिसली. विचारलं तर म्हणाली, "ते कापड काढून ठेवलंय. मळलं होतं."

तोंडाला फडकं बांधलेलं बघून मला हसू आलं. मी म्हटलं, "काय गं लाजरी." ही हसली नाही.

१७ डिसेंबर

स्कॅन झालं. एका नळकांड्यात सरकवतात आणि भिंतीतून आवाज येतो, श्वास घ्या, धरा, सोडा. 'धरा' म्हटल्यावर मी इतका धरला की ती मुलगी काचेमागून म्हणाली, सोडा हो. निकाल पुढच्या महिन्यात.

लिहूनच टाकतो. मला भीती वाटते. मरणाची म्हणावी तर तशी नाही, पान्यासारख्या मरणाची. त्याच्याकडे शेवटचा गेलो होतो तेव्हा तो बोलत नव्हता, कारण बोलायला हवा लागते आणि हवा त्याला जपून वापरायची होती. माझ्याकडे नुसता बघत होता. मी तिथे बसून स्वतःचे श्वास मोजत होतो. मित्र मरत असताना मी स्वतःचे श्वास मोजले. लाज वाटते, पण खरं आहे.

आजकाल रोज मोजतो. त्यात हिचा खोकला मध्ये येतो आणि आकडा चुकतो. मी खेकसलो, "जरा दाबून धर ना!" ही उशी घेऊन मागच्या खोलीत निजायला गेली. "तुमची झोपमोड नको." आता मला राग आला आहे. थोडे दिवस राहिले असतील तर ते असे वेगवेगळ्या खोल्यांत घालवायचे?

२ जानेवारी

हिने डाव उलटवला. म्हणाली, "तुम्ही मला फ्यूज शिकवलात, आता तुम्ही इस्त्री शिका. फिटंफाट."

मी म्हटलं, "मी मेल्यावर मला इस्त्री कशाला लागणार?"

"शिकून ठेवा. शिकलेलं फुकट जात नाही."

खुर्ची घेऊन शेजारी बसली. उभं राहून दाखवायचा कंटाळा आला म्हणे. "कॉलर आधी. मग खांदे, मग बाह्या. पाठ शेवटी. आणि कॉलर टोकाकडून मध्ये." मी वीस वर्षं वाफेवर काम केलं आहे, पण ही टीचभर वाफ माझं ऐकेना. बाहीला दोन-दोन रेघा पडल्या. मध्येच फोन आला, लेकीचा, आणि इस्त्री तशीच ठेवून गेलो. परत येतो तो चादरीला भोक. मी म्हटलं, "बघ, आपलं ते कापड असतं तर जळलं नसतं. धुतलंस की नाही अजून?"

हिने जळकी चादर ओढून घेतली. मग म्हणाली, "चूक झाली की लगेच कापडावर ढकला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही."

याशिवाय अंडी उकडणं, भात लावणं आणि तिची औषधांची डबी कुठे असते हेही शिकवलं. मी म्हटलं, हिची शिकवणी घेता घेता मीच शाळेत बसलो.

११ जानेवारी

सुटलो!

डॉक्टर म्हणाली, "काका, फुफ्फुसांवर जुने डाग आहेत. धुळीचेच आहेत, जाणार नाहीत. दरवर्षी बघत राहू. पण आज कॅन्सर नाही." मी उभाच राहिलो. मला वाटलं सॅल्यूट करावा. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं आणि पुन्हा आलं.

ही शेजारी होती. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि हसायला लागली. हसता हसता खोकला सुरू झाला आणि थांबेचना. डॉक्टरचं हसू गेलं. "काकू, हा किती दिवस आहे?" ही म्हणाली, "थंडीचा आहे." डॉक्टर म्हणाली, "आत्ताच्या आत्ता एक्स-रे काढायचा." मी म्हटलं, "काढा काढा, लग्नानंतर दोघांचा फोटो काढलाच नाही."

कुणी हसलं नाही. माझा विनोद काही वाईट नव्हता.

चालत घरी आलो. मी पुढे, ही मागे. तीनदा थांबली, दुकानांच्या काचांतून काहीबाही बघत. मी केक घेतला. तिने एक घास खाल्ला.

१५ जानेवारी

डॉक्टरचा फोन. हिच्या उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालंय. उद्या या म्हणाली. पाणी म्हणजे साधं काहीतरी असेल, न्यूमोनिया वगैरे.

१६ जानेवारी

पाठीतून सुई घालून पाणी काढलं. दीड लिटर. मी बाटली बघितली. दीड लिटर पाणी छातीत घेऊन ही स्टुलावर चढली होती आणि मी म्हटलं होतं, पुन्हा.

२९ जानेवारी

तिला आहे. मला नाही, तिला.

फुफ्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. पान्याला होता तोच. डॉक्टर हळू बोलत होती. हा बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होतो म्हणाली. "काकू, तुम्ही कधी कारखान्यात काम केलं होतं? गोदीत? घराला जुने सिमेंटचे पत्रे?"

ही म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "ती घरीच होती डॉक्टर. मी समुद्रावर असताना जवळच्या हॉटेलचे टेबलक्लॉथ आणि शाळेचे गणवेश घरी आणून इस्त्री करायची, तेवढंच. मुलीच्या शिक्षणाला हातभार."

"तुमचे ओव्हरऑल?"

"नाही! सांगितलंय ना. धुळीचा एक कण घरात आणला नाही मी."

डॉक्टर लिहायचं थांबली. "आणखी काही? जहाजावरून घरात आलेलं?"

"काही नाही."

मी ठाम सांगितलं. ही माझ्याकडे बघत होती. डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या डॉक्टर. आता काय करायचं ते सांगा."

तिला आजार आणि ती मला धीर देते आहे.

१ फेब्रुवारी

लेक आली आहे. ही झोपली होती. लेक मागच्या खोलीत आईचे कपडे इस्त्री करायला घेऊन बसली. चादर सरकत होती. मला म्हणाली, "बाबा, ते पांढरं जाड कापड कुठे गेलं हो? कोपऱ्यात पाना होता ते?"

मी म्हटलं, "धुवायला काढलंय."

"ते कुठे धुतात? आई झटकायची ना दर रविवारी, खिडकीबाहेर. मी खाली अंगणात उभी राहायचे. उन्हात काय पिठी उडायची त्यातून, चमचमत खाली यायची. मी तोंड वर करून उभी असायचे."

पिठी म्हणाली ती.

लेक पुढे काय बोलली आठवत नाही. थोड्या वेळाने उठलो आणि सगळी कपाटं उघडली. मागच्या खोलीतल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, जुन्या बॅगांच्या मागे, सापडलं. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, एकात एक, तोंडं चिकटपट्टीने बंद केलेली. आतून लाल दोरा दिसत होता. वर कागद चिकटवलेला. मसाल्याच्या बरण्यांवर ती चिकटवते तसाच, त्याच अक्षरात.

'उघडू नये. ५ डिसेंबर.'

वही काढून ५ डिसेंबरचं पान उघडलं. मी काय लिहिलंय त्या दिवशी? 'विशेष काही नाही.'

४ फेब्रुवारी

तीन दिवस तिच्यासमोर बसायचं टाळलं. ती ओळखून होती. आज लेक औषधं आणायला गेली तेव्हा म्हणाली, "कपाट उघडलंत ना?"

मी मान हलवली. मग मला रडू फुटलं. माझी आई गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. म्हटलं, "मी आणलं गं. मी स्वतःच्या हाताने घरात आणलं. आणि मिरवलं."

ती पाठीशी तीन उशा घेऊन बसली होती, आडवं होता येत नाही. म्हणाली, "त्या पत्रकात चित्र होतं. इस्त्रीच्या टेबलावरचं कापड, अगदी आपल्यासारखं. बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दिवसभर श्वास मोजत बसायचात. त्यात हे कुठे सांगू? म्हटलं, आधी तुमचं काय ते कळू दे. दोघांनी एकदम हातपाय गाळले तर चुलीकडे कोण बघणार?"

"डॉक्टरकडे तरी जायचंस. महिन्यावर दिवस गेले, अगं!"

"जायला हवं होतं," ती म्हणाली. "भीती वाटली. भीती काय तुम्हालाच वाटते?"

मग मी विचारलं ते विचारू नये असं होतं. "राग येतो माझा?"

तिने विचार केला. तिला खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प राहता येतं. "आला. चांगला आठ दिवस आला. कापड गुंडाळताना तर असं वाटलं, तुमच्या डोक्यातच घालावं. पान्याभावजींचाही आला. मग वाटलं, त्यांनी तर टाके घातले त्याला, तेही छातीनेच गेले. कुणावर रागवायचं?"

मी तिला सांगितलं की पान्याच्या लग्नाच्या वेळी त्या कापडाच्या कडा मी शिवल्या होत्या. त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, छातीनेच. तेव्हा सगळे म्हणाले, न्यूमोनिया.

ती म्हणाली, "ते तुम्हाला आत्ता आठवलं?"

आत्ता आठवलं.

१९ फेब्रुवारी

लेकीचं स्कॅन झालं. आज काही नाही. 'आज' हा शब्द डॉक्टर दर वेळी लावते. दरवर्षी बघायचं. लेक म्हणाली, "बाबा, माझी काळजी करू नका." तिला कोण सांगणार की मी त्या खिडकीखाली तोंड वर करून उभी असलेली मुलगी आता रोज बघतो.

ते कापड महापालिकेची दोन माणसं येऊन घेऊन गेली. नखशिखांत पांढऱ्या पोशाखात, तोंडाला मास्क. एकाने विचारलं, "हे घरात किती वर्षं होतं?" मी सांगितलं. त्याने दुसऱ्याकडे बघितलं.

८ मार्च

भात जमतो. अंडी जमतात. हिला फार जेवण जात नाही. दर पंधरा दिवसांनी पाणी काढतात. दुसरे दिवशी थोडी बोलते, चेष्टाही करते. परवा फ्यूज उडाला. मी उठलो तर म्हणाली, "थांबा, मी शिकलेय ते वाया नको जायला." आणि उशीवरूनच सूचना देत बसली, स्टूल घ्या, डावीकडचा, आधी मेन बंद करा. सगळं बरोबर.

श्वास मोजणं सोडलं आहे. म्हणजे माझे. तिचे मोजतो.

२ एप्रिल

सेक्रेटरी नवा फॉर्म घेऊन आला. या वेळी अर्जदाराच्या जागी हिचं नाव. तो म्हणाला, "वहिनी, हे घोंगडं किती दिवस भिजत पडेल सांगता येत नाही." ही म्हणाली, "पडू द्या. भरून तर ठेवा."

तो गेल्यावर मी बिछान्याशी खुर्ची ओढली आणि फॉर्म मांडीवर घेतला. मागच्या खोलीत इस्त्री लावली होती. उद्या तिला हॉस्पिटलात न्यायचं, तिचा निळा झगा तिला स्वच्छ आणि घडीचा हवा असतो. कॉलर झाली होती, बाह्या राहिल्या होत्या.

प्रश्न नऊ आला. घरात किंवा कुटुंबात कुणाचा संबंध आला होता का? 'होय' लिहिलं. खाली तीन ओळींची जागा होती: कसा, ते लिहा. मी लिहिलं, 'ॲस्बेस्टॉसचं कापड मी जहाजावरून घरी आणलं आणि माझ्या पत्नीला इस्त्रीसाठी दिलं.' आणि तिला वाचून दाखवलं.

तिने डोळे मिटले होते. म्हणाली, "चूक आहे."

"काय चूक?"

"मला नाही दिलं." मध्ये थांबली. एका वाक्याला तिला आता दोन-तीन श्वास लागतात. "आहेर होता तो. आहेर दोघांना असतो. तसं लिहा. एकट्याच्या माथ्यावर घेऊ नका."

"मी आणलं, हे तर खरं."

"मी उघडून बघितलं आणि आवडलं मला. तेही खरं. चव्वेचाळीस वर्षं आवडलं. लिहा."

मी खाडाखोड केली. 'आमच्या लग्नात आम्हा दोघांना बॉयलररूमकडून आहेर मिळाला.' बाजूला सही केली, आणि तिच्या हातात पेन दिलं. तिने माझ्या सहीला लागून सही केली. अक्षर वाकडं झालं, पण वाचता येतं. लग्नाच्या नोंदीनंतर आम्ही दोघांनी एका कागदावर सही केली ती आजच.

मग ती म्हणाली, "इस्त्री बंद केलीत का?"

धावत जाऊन पाहिलं. चालूच होती. चादर जळून टेबलाच्या फळीपर्यंत गेली होती. प्लग काढला, खिडकी उघडली आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "बंद केली होती गं."